हलकेमहाराजांचे टायर

टायरच्या दुकानासमोर रांग लागलेली मी त्या सकाळी प्रथमच पाहिली. एरवी अशा दुकानात माणूस चरफडत येतो, घाम पुसत उभा राहतो आणि मालकाशी हुज्जत घालून निघून जातो. इथे धडधाकट गाड्या ओळीने उभ्या होत्या. सगळ्या लहान, चारचौघांच्या घरी असतात तशा. चाकांत हवा होती, टायरांवरची नक्षी शाबूत होती, बिघडलेलं काहीच दिसत नव्हतं. बिघडलेले होते ते चेहरे. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे हे चेहरे माझ्या ओळखीचे. गृहपाठ न करता आलेली मुलं पहिल्या तासाला अशीच बसतात.

"नीट बघ हं," दादा माझ्या कानाशी येऊन म्हणाला. "आणि कृपा करून मधे बोलू नकोस."

"मी कधी मधे बोलते?"

दादाने नुसतं माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात रांगेत कुजबुज झाली आणि दुकानाच्या आतून हलकेमहाराज बाहेर आले. हे नाव त्यांना लोकांनीच दिलेलं. मन हलकं करतात आणि गाडीही हलकी करतात, म्हणून. अंगात पांढराशुभ्र डगला घोट्यापर्यंत आलेला, आणि त्याखाली गॅरेजमधले जाडजूड बूट. पहिली गाडी बँकेत काम करणाऱ्या एका बाईंची होती. महाराजांनी बॉनेटला कान लावला, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. बंद इंजिनात ऐकण्यासारखं काय असतं, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

"किती देते?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"लिटरला अठरा," बाई म्हणाल्या. "पूर्वी जास्त द्यायची."

"गाडी पेट्रोल पीत नाही, ताई. गाडी ओझं पिते. डिकीतलं ओझं तुम्हाला दिसतं, मनातलं दिसत नाही. चाकाला मात्र दोन्ही सारखीच. कोण आहे?"

"काय कोण आहे?"

"तुम्ही ज्याच्याशी चुकलात ते माणूस."

बाईंचा चेहरा पडला. आता मला सांगा, पन्नाशीला टेकलेल्या कुणालाही हा प्रश्न विचारला, तर एकही नाव आठवणार नाही असं होईल का? मला तिथल्या तिथे चार आठवली. पण रांगेतून "वा!" असा आवाज उठला, जणू महाराजांनी बाईंच्या पोटातलं काढून दाखवलं होतं.

"धाकटी बहीण," बाई म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

महाराजांनी त्यांना पुढच्या चाकापाशी खाली बसवलं. व्हॉल्व्हचं टोपण काढून आतली पिन दाबली. हवा फुस्स करत सुटली. "बोला," ते म्हणाले. "हवेबरोबर सगळं जाऊ द्या. बाहेर कुणाला ऐकू येत नाही." बाई वाकून चाकाशी पुटपुटत राहिल्या. मग दुसरं चाक, मग तिसरं, मग चौथं. शेवटी चारही टायर सपाट झाले आणि बाई उठून उभ्या राहिल्या.

"हे टायर आता घरी न्यायचे नाहीत," महाराजांनी बजावलं. "त्यांत तुमची चूक मुरली आहे. त्यांचं काय करायचं ते आम्ही बघतो. तुमच्या गाडीला शांत टायर बसतील." शांत टायर म्हणजे महाराजांनी मंत्रून ठेवलेले नवे टायर. ते त्याच दुकानात मिळत, आणि गल्ल्यावर दुकानाचे मालक मान खाली घालून बसलेले असत. महाराज त्या मालकांचे मेहुणे, हे मला मागाहून कळलं. त्याआधी ते दारोदार गाद्या विकत आणि पाठीवरच्या ओझ्याविषयी बोलत. पाठीवरून ते मनावर आले एवढंच.

पण नंतर महाराज जे म्हणाले त्याने मी जरा गडबडले. ते म्हणाले, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. एक टाकी काठोकाठ भरा, संपवा, आणि तुमच्याच गाडीचा मीटर बघा. मीटर काही माझा भक्त नाही."

मी इतके भोंदू पाहिले, पण 'तपासून घ्या' म्हणणारा पाहिला नव्हता. आणि लोकांनी तपासलंही होतं! एक किराणा दुकानदार काका मुद्दाम सांगायला आले होते. "अठराचं वीस झालं! मी स्वतः मोजलंय, डोळ्यात तेल घालून!" कुणी म्हणालं गाडी सिग्नलला नुसती उडते. कुणी म्हणालं स्टिअरिंग एका बोटाने फिरतं. एका आजोबांनी शंका काढली की टायर जरा बारके दिसतात. महाराज हसून म्हणाले, "ओझं गेलं की अंग बारीक होतंच, आजोबा." सगळे खळखळून हसले. मोठ्या गाड्यांना मात्र ते हात लावत नसत. का, तर मोठ्या गाडीवाल्याला ओझं जाणवतच नाही. ह्यावर तर टाळ्या पडल्या. मलाही हसू आलं, आणि स्वतःचा रागही आला.

दादा हसत नव्हता. त्याच्या गाडीला शांत टायर महिन्याभरापूर्वीच बसले होते आणि तरी तो पुन्हा रांगेत उभा होता.

दादाचं सांगते. तो हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करतो. सकाळी घरोघर जाऊन लोकांच्या रक्ताचे नमुने घ्यायचे, दुपारी जेवायला घरी यायचं, आणि मग घरून निघून ते लॅबमध्ये पोचवायचे, हे त्याचं काम. हात इतका हलका की म्हातारी माणसं दुसऱ्या कुणाला सुई टोचू देत नाहीत. गेल्या वर्षी एका दुपारी बाबांच्या पोटात आणि पाठीत अचानक भयंकर कळ आली. घरात दादाच होता. अँब्युलन्सला उशीर होईल म्हणून त्याने बाबांना आपल्या गाडीत घातलं आणि त्याच हॉस्पिटलमध्ये नेलं. बाबा पोचेपर्यंत जिवंत होते. आत नेल्यावर थोड्याच वेळात गेले. पोटातली मोठी रक्तवाहिनी फुटली होती.

नंतर शेजारचं कुणीतरी बोलून गेलं की त्यांनी दादाची गाडी पाहिली होती, रमतगमत चालल्यासारखी. बस. दादाने कुणालाच काही सांगितलं नाही. "हो, मी हळू चालवली," एवढंच म्हणाला. त्या दिवसापासून त्याचं जेवण तुटलं, बोलणं तुटलं. आणि नोकरी तर रोज त्याच रस्त्यावरून त्याच दाराशी नेणारी.

म्हणून वहिनीचा जेव्हा फोन आला, "अगं, तुझा दादा आज आंघोळ करताना गाणं म्हणत होता," तेव्हा मीही रडले. कारण विचारलं तर ती म्हणाली, "टायर बदलले."

मी गप्प बसले. एरवी शाळेत कुणी लिंबू-मिरची ठेवलेली दिसली तरी तासभर भाषण देणारी मी, इथे तोंडाला कुलूप लावून बसले. दादा जेवत होता ना. एखाद्या टायराला माझ्या भावाला जेवायला घालता येत असेल, तर मी कोण नाही म्हणणार? असं मी स्वतःला सांगत होते, आणि ते मला पटत नव्हतं हेही कळत होतं. पण मधल्या काळात त्याचं जेवण पुन्हा तुटलं होतं. वहिनी म्हणत होती, महाराजांनी त्याला परत बोलावलंय, अजून काहीतरी शिल्लक आहे म्हणून. त्या सकाळी मी त्याच्याबरोबर गेले ती त्यासाठी. त्याचा नंबर काही लागला नाही. महाराजांना थकवा आला आणि रांग मोडली.

दुपारी दादा नमुन्यांची पेटी घेऊन लॅबकडे निघाला तेव्हा मी गाडीत बसले. मला हॉस्पिटलच्या पलीकडे काम होतं. फाटकातून बाहेर पडताना त्याने मीटरवरचं एक बटण दाबून आकडा शून्यावर आणला.

"हे कशाला?"

"सवय," तो म्हणाला.

गतिरोधकावर गाडीचं पोट खर्रकन घासलं. पुढच्याही गतिरोधकावर घासलं. "पूर्वी नव्हतं असं होत," मी म्हणाले. वळणावर पाण्याचा टँकर उभा होता, गळका, आणि सगळा रस्ता ओला झाला होता. पुढे एक बाई छोट्या मुलाचा हात धरून पांढऱ्या पट्ट्यांवरून रस्ता ओलांडत होत्या. दादाने ब्रेक दाबला. वेळेवर दाबला, मी बघत होते. पण गाडी थांबली नाही. चाकं थरथरली आणि गाडी तशीच सरकत गेली, पट्ट्यांवरून पुढे. बाईंनी मुलाला झटक्यात मागे ओढलं म्हणून बरं. मुलाच्या हातातली पाण्याची बाटली आमच्या बंपरखाली आली.

बाईंनी आम्हाला भरपूर सुनावलं, आणि ते बरोबरच होतं. दादा खाली उतरून हात जोडून उभा होता. परत गाडीत बसला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"बघितलंस?" तो म्हणाला. "महाराज खरंच सांगतात. अजून काहीतरी राहिलंय माझं. मी सगळं सांगितलं नाही, म्हणून असं होतंय."

ब्रेक लागला नाही त्याची मला भीती वाटली होती, पण ह्या वाक्याची जास्त वाटली. टायर घसरला तर टायर बघायचा की नाही? हा माणूस स्वतःलाच बघत होता. आणि उद्या पट्ट्यांवरून दुसरं मूल चालत असेल, त्याची आई अशी चपळ नसेल. मी गप्प बसले होते त्याचं हे फळ.

हॉस्पिटलच्या दाराशी गाडी थांबली. दादाने सवयीने मीटरकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"काय झालं?"

"काही नाही. आपल्या फाटकापासून इथपर्यंत अकरा किलोमीटर आहे. त्या दिवशी मी मीटर पाहिला होता. त्यानंतर रोज बघतो. अकराच असायचं." त्याने आकड्याकडे बोट केलं. तिथे बाराच्या पुढे काहीतरी होतं. "टायर बदलल्यापासून वाढलंय. मी महाराजांना विचारलं. ते म्हणाले, जिथे माणूस चुकतो तो रस्ता लांबतो. प्रायश्चित्त पुरं झालं की परत अकरा होईल."

मी त्या आकड्याकडे बघत राहिले. हॉस्पिटल हललं नव्हतं. घर हललं नव्हतं. रस्त्याला नवं वळण पडलं नव्हतं. तरी मीटर म्हणत होता की आपण किलोमीटरभर जास्त आलो. अठराचं वीस आणि अकराचं बारा. सहावीच्या मुलालाही ह्यातलं प्रमाण दिसलं असतं. मी मात्र महिनाभर त्या टायरांकडे वाकून पाहिलं नव्हतं, कारण मी बघायचंच नाही असं ठरवलं होतं.

मी उतरून ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. दाराच्या चौकटीवर कंपनीने एक पट्टी चिकटवलेली असते, ह्या गाडीला कुठल्या मापाचा टायर लावायचा ते सांगणारी. मग वाकून टायरवरचं माप वाचलं. दोन्ही वेगळी होती. नवा टायर बोटभर अरुंद होता आणि बुटकाही.

"दादा, पेटी आत देऊन ये. आपण परत दुकानात जाऊया. आणि गाडी अगदी हळू चालव."

'हळू चालव' म्हणताच त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या कानाखाली मारली होती. मला त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही.

दुपारची गर्दी सकाळपेक्षा मोठी होती. बँकेतल्या बाई पेढे वाटायला आल्यासारख्या हसऱ्या चेहऱ्याने उभ्या होत्या. किराणावाले काका पुन्हा तीच कथा नव्या माणसांना रंगवून सांगत होते. मी सरळ दुकानाच्या मागच्या अंगणात गेले. मला एक जुना टायर हवा होता. तिथे पाटी दिसली, 'वापरलेले टायर. उत्तम स्थितीत.' पाटीखाली थप्प्याच्या थप्प्या. सकाळी ज्यांत चूक मुरली होती ते टायर दुपारी धुऊन पुसून विक्रीला ठेवले होते!

"हा माझा," मागून दादा म्हणाला. त्याने एका टायरवरून हात फिरवला. कडेला एक चीर होती. "हॉस्पिटलच्या पायरीला घासला होता. त्या दिवशी." मग तो त्या पाटीकडे बघत राहिला. "हे लोक विकतायत?"

"हो. तुझं पाप आता दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीला बसून फिरणार होतं. चल, उचल."

आम्ही तो टायर पुढच्या बाजूला आणला. मी एक नवा शांत टायरही त्याच्या शेजारी उभा केला. महाराज पुढे आले.

"ताई, त्याला हात लावू नका. त्यात दोष आहे."

"मी गणिताची बाई आहे, महाराज. माझ्या हाताला खडू लागलेला असतो, दुसरं काही लागत नाही." मी पर्समधून खडू काढला. शिक्षिकेच्या पर्समध्ये दुसरं काही नसलं तरी खडू असतोच. फरशीवर एक रेघ मारली, दोन्ही टायर जिथे जमिनीला टेकतात तिथे त्यांच्यावर खडूची खूण केली. "काका, तुम्ही मोजायला पक्के ना? हा जुना टायर रेघेवरून लोटा. खूण परत खाली आली की थांबा."

काकांनी लोटला. मी तिथे रेघ मारली. मग नवा टायर लोटला. त्याची खूण खाली आली तिथेही रेघ मारली, तर जुन्या टायरची रेघ अजून पुढेच होती.

"तिरका गेला असेल," कुणीतरी म्हणालं. काकांनी पुन्हा लोटला, ह्या वेळी जीभ बाहेर काढून, अगदी सरळ. पुन्हा तेच. काकांनी दोन रेघांच्या मधे पंजा ताणून ठेवला. जवळजवळ वीतभर अंतर होतं.

"मग काय झालं?" महाराज म्हणाले. "मी काय टायर सारखे आहेत म्हणालो? मीटर बघा म्हणालो."

"तेच बघू. काका, मीटरला रस्ता दिसतो का?"

"म्हणजे?"

"त्याला डोळे नाहीत. चाक किती वेळा फिरलं एवढंच त्याला कळतं. एका फेऱ्याला किती अंतर, हे कारखान्यात ह्या मोठ्या चाकावरून ठरवलेलं आहे. तुम्ही चाक लहान केलंत, मीटरला कुणी सांगितलं नाही. लहान चाक तेवढ्याच रस्त्याला जास्त वेळा फिरतं, आणि मीटर बिचारा प्रत्येक फेऱ्याला पूर्ण माप लावतो. दहा किलोमीटर चाललात की तो अकरा सांगतो. तुमचं अठराचं वीस झालं ते कागदावर. पेट्रोलच्या एका थेंबाचीही बचत झालेली नाही."

काका रेघांकडे बघत तोंडातल्या तोंडात हिशोब करत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

"पण गाडी उडते त्याचं काय?" मागून एक जण ओरडला.

"सायकलला हलका गिअर टाकला की निघताना कशी झटकन निघते? आणि पाय मात्र जास्त मारावे लागतात. तेच इंजिनचं. वेगाचा काटाही पुढे पळतोय. तो पंचावन्न दाखवतो तेव्हा तुम्ही पन्नासनेच जाताय."

"स्टिअरिंग हलकं झालं ते?"

"टायर अरुंद, रबर कडक, त्यात हवा ठासून भरलेली. रस्त्याला कमी टेकतो म्हणून हलका. पण वळायला आणि थांबायला गाडीला तेवढंच टेकणं मिळतं. आज आमची गाडी ओल्या रस्त्यावर थांबली नाही. एक लहान मूल थोडक्यात वाचलं." "हे सांगायला मी फार उशिरा आलेय. मला शंका होती आणि मी बोलले नाही. तुमच्या घरातली माणसं ह्या चाकांवर बसतात. ते दाराच्या चौकटीवरचं माप वाचा आणि तेच लावा."

महाराजांनी अजून हार मानली नव्हती. ते गोड आवाजात म्हणाले, "ताई, मोजत बसणाऱ्याला कधी शांती मिळत नाही."

"मोजायला तुम्हीच सांगितलंत!" हे मी नाही, काका ओरडले.

मग जो गोंधळ झाला त्यात गल्ल्यावरचे मालक पहिल्यांदा उभे राहिले. ते घामाने निथळत होते. "माल पडून होता हो," ते म्हणाले. "एकाच मापाचे टायर, कुणी घेईना. मेहुणे म्हणाले, मी खपवून देतो." त्यांनी डोळे पुसले. "मला झोप लागत नव्हती." महाराजांनी डगला सावरला आणि आत जायला वळले. कुणी त्यांना अडवलं, कुणी शिव्या घातल्या. आमचे जुने टायर परत द्या, म्हणून लोक मागच्या अंगणाकडे धावले.

मी जिंकले होते, म्हणे. पण बँकेतल्या बाई तिथेच उभ्या होत्या. त्या माझ्याकडे आल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला काय मिळालं हो? सकाळपासून मला किती बरं वाटत होतं."

ह्याचं उत्तर माझ्याकडे खडूने लिहून देण्यासारखं नव्हतं. मी विचारलं, "बहिणीशी बोललात का?"

"नाही. टायरला सांगून झालं होतं ना. म्हटलं, झालं आता."

"ती कुठे असते?"

"इथेच. पलीकडच्या चौकात." त्यांनाच ते ऐकून लाज वाटली. "ती फोन उचलणार नाही."

"मग दारात जाऊन उभ्या राहा."

निघताना त्यांची गाडी पलीकडच्या चौकाकडे वळली एवढं मी पाहिलं.

हे मी लिहितेय ते एवढ्याचसाठी. भोंदू माणूस तुमच्याकडून टायरचे पैसे घेतो ते सोडून द्या, ते परत कमावता येतात. तुम्हाला ज्या माणसाशी बोलायचं असतं ते बोलणं तो मधल्यामधे खाऊन टाकतो. कुणी चमत्कार दाखवला तर तो ज्या यंत्रावर दाखवला ते यंत्र नेमकं काय मोजतं, हे आधी विचारा. आणि चूक झाली असं वाटत असेल तर माणसाला सांगा. तो माणूस राहिला नसेल तर त्याला ओळखणाऱ्या दुसऱ्या माणसाला सांगा. ते ऐकणारं माणूस समोर नुसतं बसलं तरी पुष्कळ असतं.

दादा मात्र संध्याकाळपर्यंत दुकानातच गाडीजवळ उभा होता. जुने टायर परत चढले, आम्ही घरी आलो, वहिनी चहा ठेवायला गेली. आंघोळीतलं गाणं परत येईल ही त्याची आशाही मी काढून घेतली होती आणि त्या जागी मला काही देता येत नव्हतं. शेवटी मीच म्हणाले, "दादा, त्या दिवशी तू वेगाने गेला असतास तर काय झालं असतं, ते मला माहीत नाही. तुलाही नाही. त्या गादीवाल्याला तर नाहीच नाही. पण अकरा किलोमीटरला वेगाने फार तर पाचसात मिनिटं वाचली असती, आणि बाबांच्या पोटातली नस फुटलेली होती. मी डॉक्टरांनाही विचारलं होतं. ते म्हणाले, अशा रुग्णांतले बहुतेक टेबलापर्यंतही पोचत नाहीत."

"बाबाच म्हणाले," तो म्हणाला.

"काय?"

"हळू चालव म्हणाले. धक्का बसला की कळ यायची त्यांना. मी कुणाला सांगितलं नाही. गेलेल्या माणसावर ढकलल्यासारखं वाटलं असतं." तो थांबला. "आणि ते काही खरं कारण नाही. ते बोलत होते गं. आमचं दोघांचं कधी धड बोलणं नव्हतं, तुला माहीतच आहे. त्या दिवशी गाडीत ते माझ्याशी सारखे बोलत होते. मला वाटलं, रस्ता संपूच नये. आपला बाप कळा सोसतोय आणि मला असं वाटलं. हे मी टायरला नाही सांगितलं. ह्यासाठी रस्ता लांबलाय, असंच मला वाटत होतं."

मी त्याचा हात धरून बसले. मग विचारलं, "काय बोलत होते बाबा?"

दादा आठवू लागला आणि त्याच्या चेहऱ्यावर कसंसंच हसू आलं. "गच्चीवरच्या टाकीचं. म्हणाले, झाकण सैल झालंय, वाऱ्याने उडेल, एकदा तारेने बांधून घे. मग म्हणाले, तू बांधशील नीट, तुझा हात चांगला आहे."

"बांधलंस?"

"नाही. वर जायचं धाडस झालं नाही."

आम्ही चहा तसाच ठेवून गच्चीवर गेलो. झाकण खरंच सैल होतं, एका बाजूने उचकटलेलं. दादाने तार वाकवली, कडीतून ओवली, पकडीने पिळली. मी दुसऱ्या बाजूने झाकण दाबून धरलं. त्याचा हात खरंच चांगला आहे. काम झाल्यावर त्याने झाकण हलवून पाहिलं, ते जागचं हललं नाही, आणि मग तो टाकीला टेकून खाली बसला आणि बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच मोठ्याने रडला. वहिनी धावत वर आली. मी तिला खुणेने सांगितलं, असू दे.